दोघींचा मिळून एक फेरा

खडकवस्तीच्या उताराला, विहिरीच्या काठावर, एक लोखंडी चाक उभं आहे. मुळात ते कडबा कुट्टीचं. बजरंगच्या गोठ्यात त्यानं कैक वर्षं ज्वारीचा कडबा कापला, जनावरांच्या तोंडी घास घातला. पुढं जनावरं गेली आणि चाकावर कोंबड्या बसायला लागल्या. मग एक दिवस शिरूरची रुद्राणी आली, तिनं कोंबड्या हुसकावल्या, चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वनमालाताई, हे मला पाहिजे."

"घिऊन जा की. अंड्यासकट ने."

"न्यायचं नाही. इथंच विहिरीवर बसवायचंय."

आता त्या चाकाच्या आसाला एक दांडा होता, दांड्याला दट्ट्या होता, आणि दट्ट्या एका नळकांड्यात मागं-पुढं सरकत होता. मागं सरताना विहिरीतलं पाणी ओढून घ्यायचं, पुढं येताना तेच पाणी वर माळावरच्या टाकीकडं ढकलायचं. वीज नको, डिझेल नको. चाक फिरवायला माणूस पाहिजे, बस. विजेचे खांब या अंगाला अजून आलेच नव्हते, आणि घागरीनं उतार चढून चढून वनमालाचे गुडघे बोलायला लागले होते.

वर माळावर तिची रोपं होती. काळ्या पिशव्यांत ओळीनं उभी राहिलेली सीताफळं, शेवगा, कडुलिंब. पावसाळा होता तोवर आभाळानंच त्यांना पाजलं. पहाटे उठून ती रोपांतून हिंडायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची,

रोप लावियेलं बाई, काळ्या पिशवीच्या घरी
पाण्या ये रे चढूनिया, माळाच्या माथ्यावरी

ओवी तिची तिनंच जोडलेली. तिची सासू छबुबाई ऐकायची आणि नाक मुरडायची. "जात्याबिगर ओवी म्हंजे चुलीबिगर भाकर," असं तिचं म्हणणं. पण एकदा ती स्वतःच रोपांच्या ओळीत तेच गुणगुणताना सापडली, तेव्हा वनमालानं तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

सीताफळाची ही रोपं उन्हाळाभर जगली, तर पुढच्या पावसाळ्यात ती विकली जाऊन कुणाच्या तरी बांधावर जाणार होती. पण रोपं जगायची तर वनमाला घरी राहायला पाहिजे होती, आणि वनमाला दसऱ्यानंतर कधीच घरी राहिली नव्हती. लग्न झाल्यापासून दर साली ऊस तोडायला ट्रकात बसून जायची. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम विचारतो, किती कोयते? आणि दोन माणसांकडं बोट करून सांगतात, एक. वनमाला त्या एकातली अर्धी होती.

यंदा तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, मला राहायचंय. सायली चौथीला गेलीय, तिची शाळा इथंच होईल, आणि रोपं सांभाळीन.

बजरंग माणूस वाईट नव्हता. त्यानं चार दिवस मिशीवरून हात फिरवला आणि पाचव्या दिवशी बोलला, "हे बग, प्रविणची बायको बाळंतीण हाय. माज्या त्या चुलतभावाला यंदा जोडी न्हाई. मी त्याला घिऊन जातो, आमचा दोघांचा कोयता व्हईल. पण वरची टाकी ट्रक यायच्या आत भरली पायजे. न्हाई भरली, तर गपगुमान ट्रकात बसायचं. वाळल्याल्या काड्यांची राखण करायला बायकू मागं ठिवली म्हनून लोक मलाच हसतील."

"भरंल," वनमाला म्हणाली.

पंप बसवला तो रुद्राणीनं. बीडच्या तंत्रनिकेतनात ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील संगमेश्वर शेटे यांचं शिरूरला पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळं इतर पोरी बाहुल्यांशी खेळल्या त्या वयात रुद्राणी व्हॉल्व्ह आणि वायसरांशी खेळली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिनं हे चाक धरलं. भादव्यात दोन मैत्रिणींना घेऊन आली, दिवसभर पान्यानं नट आवळले, आणि संध्याकाळच्या आत तिघींनी मिळून चाक फिरवलं तेव्हा वरच्या टाकीत खरंच पाणी पडलं. टाकी तशी पावसानं आधीच भरलेली होती. पण पडलं.

जायच्या आधी तिनं सासू-सुनेला समोर बसवून सांगितलं, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिनिटाला तीस फेरे. त्याच्या वर जायचं नाही."

"कावून?" छबुबाईनं विचारलं. "जादा फिरवलं तर जादा पानी येईल की."

"इथंच तर गंमत आहे, आजी. हे सगळं ओमेगावर आहे."

"कोन?"

"ओमेगा. म्हणजे चाक किती झपाट्यानं वळतं ते. एका सेकंदात किती कोन कापला, ते मोजायचं."

"उमगा?"

"ओमेगा."

"त्येच की गं. मला न्हाई उमगला तुजा उमगा."

मैत्रिणी खिदळल्या. रुद्राणीनं धीर सोडला नाही. "मिनिटाला तीस म्हणजे सेकंदाला अर्धा फेरा. तेव्हा ओमेगा बरोबर पाय येतो, तीन पॉइंट चौदा."

"पाय? आगं हातानं फिरवायचं का पायानं, येक काय ते सांग."

आता वनमालाही हसायला लागली. मग रुद्राणीनं सरळ साध्या भाषेत सांगितलं. पाणी काही दट्ट्याला दोरीनं बांधलेलं नसतं. दट्ट्या मागं सरला की आत पोकळी होते, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला त्या पोकळीत ढकलते. हवेच्या अंगात जेवढी ताकद तेवढंच ती ढकलणार. दट्ट्यानं हिसका देऊन पळ काढला तर पाणी त्याच्यामागं धावू शकत नाही, मधेच तुटतं. आणि हिसका वाढतो तो वर्गानं. चाकाचा वेग दुप्पट केला की हिसका चौपट.

"पानी तुटतं?" छबुबाईनं विचारलं.

"तुटतं. सूत तुटावं तसं."

"हां," म्हातारी म्हणाली. "मग तीस. तिसाच्या वर येक न्हाई."

दसऱ्याला त्यांनी कोयत्यांबरोबर चाकाचीही पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, एका आऱ्याला झेंडूचं फूल बांधलं. दसरा सरला, आभाळ उघडं पडलं, टाकीतलं पाणी रोपांनी पिऊन टाकलं, आणि सासू-सुनेनं पदर खोचून पहिल्यांदा चाकाला हात घातला.

शुक्रवारी रुद्राणीचा फोन वाजला तेव्हा ती वर्गाच्या पायरीवर बसून डबा खात होती.

"रुद्राणी, तुजा पंप रुसलाय गं," वनमाला म्हणाली. आवाजात हसू होतं, पण ते वरवरचं. "पयल्यांदी गुळणी टाकल्यावानी पानी येतं, आन् मग ठक् ठक् ठक् वाजत राहतंय. पानी न्हाई."

"विहिरीत पाणी आहे ना?"

"हिरीत पानी मोप हाय."

"फेरे किती घेताय?"

"तीस. आत्याबाई मोजत्यात, सायलीचं घड्याळ समोर ठिवून. तिसाच्या वर येक न्हाई."

"रोज?"

"रोज. हात भरून आलेत." मग तिनं आवाज खाली आणला. "रविवारी ट्रक यायलाय."

रुद्राणीनं डबा झाकला. ठक् ठक् म्हणजे पाणी तुटत होतं, हे तिला उमगलं होतं. आत पोकळी होत होती आणि मागून आलेलं पाणी तिच्यावर जाऊन आपटत होतं. पण तीस फेऱ्यांना ते तुटायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिरूरच्या एसटीत खिडकीला टेकून तिनं सगळं पुन्हा मनात मांडलं. पाणी चार मीटर खाली. पाइप आठ मीटर, कारण तिरका घातलाय. दट्ट्याचा हिसका, ओमेगाचा वर्ग, दांड्याची लांबी. सगळी बेरीज सात मीटरच्या आत येत होती. आपल्या या भागात हवा पाण्याला न तोडता सातच्या थोडं वरपर्यंत ढकलते. म्हणजे काठावर पास, पण पास. हिशेब खरा असेल तर पंप चालायलाच पाहिजे. आणि पंप चालत नव्हता.

शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरी, परीक्षा हाय का आज?"

"हो," रुद्राणी म्हणाली.

संगमेश्वर स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभेच होते. मागच्या पिशवीत चामड्याचे वायसर, सुतळी, सांध्यांना लावायचा सफेदा.

"अप्पा, हिशेब चुकला का माझा?"

"हिशेब कागदावर असतो, रुद्रा. वायसर नळकांड्यात असतो. आधी ते बघू."

खडकवस्तीवर पोचले तेव्हा बजरंग अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. शेजारी दोन गाठोडी बांधलेली. एक त्याचं, एक वनमालाचं. तिचं तिनंच बांधलं होतं.

"या म्याडम," बजरंग म्हणाला. "तुमच्या चाकानं आमच्या घरात दोन पैलवान तयार केलेत. आई आता माज्यासंगं पंजा लढवती."

"दाजी, आज बघते काय ते."

"बगा, बगा. शेटेसाहेब, तुमी पान्यासाठी पंप इकता का तब्येतीसाठी?"

संगमेश्वर हसले आणि विहिरीकडं चालू लागले. त्यांनी नळकांडं उघडलं, वायसर बदलला. जुना काही वाईट नव्हता. पाइपाचे सांधे नव्यानं आवळले. विहिरीत उतरून पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह पाहिला, तो ठणठणीत. पाइप पाण्यानं भरून दिला. वर आले, कपाळ पुसलं. "फिरवा आता."

चाकाची मूठ लांब करून घेतलेली होती, दोघी समोरासमोर उभ्या राहून धरतील अशी. सासू-सुनेनं मूठ धरली. चाक फिरलं. एक गुळणी वर गेली, पाइप जरा थरथरला, आणि मग ठक्. ठक्. ठक्.

संगमेश्वरांनी पाइपाला हात लावला आणि मान हलवली. "आत हवा धरतोय म्हणावं तर सांधे पक्के आहेत. रुद्रा, मला नाही सापडत."

रुद्राणी विहिरीच्या कठड्यावर बसली. तिला रडू यायला लागलं होतं, आणि ते येऊ नये म्हणून ती कुठंतरी एकाच जागी बघत बसली. वनमाला नुसती फिरवत होती, ज्वारीचं दळण राहिलंय आणि ते संपवूनच उठायचंय तशी. छबुबाईचा आवाज मात्र खणखणीत चालू होता.

"सतराऽ... अठराऽ..."

रुद्राणी बघत होती ते दसऱ्याचं फूल. आऱ्याला बांधलेलं, वाळून तपकिरी झालेलं झेंडूचं फूल. ते वर आलं, खाली गेलं, वर आलं, खाली गेलं.

"एकोणीऽस..."

वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं.

"ईऽस..."

रुद्राणी उठून उभी राहिली. वाटलं, डोळ्यांत पाणी आल्यामुळं दोनदा दिसतंय. तिनं बाहीनं डोळे पुसले. फूल वर आलं, खाली गेलं, वर आलं, खाली गेलं, तेव्हा कुठं म्हातारी म्हणाली, "येकईऽस..."

"थांबा!"

दोघी थांबल्या. चाक मात्र आपल्या वजनानं अर्धा फेरा पुढं गेलं.

"आजी, एक म्हणजे किती?"

छबुबाईनं सुनेकडं बघितलं. "ही साळंत जाती ना गं?"

"नाही, खरंच. एक फेरा म्हणजे चाक किती वेळा फिरलं?"

"येक माजा, येक हिचा," छबुबाई म्हणाली. इतकी साधी गोष्ट कुणाला सांगावी लागेल असं तिला वाटलं नव्हतं. "झाला की येक फेरा."

"म्हणजे दोनदा फिरलं."

"दोनदा कसं? जात्यावर दोघी बसल्या म्हंजे येका वळनाला मी जोर लावायचा, हिनं नुसता हात ठिवायचा. दुसऱ्या वळनाला हिनं लावायचा, मी दम खायचा. दोघींचा मिळून येक फेरा. माज्या सासूनं मला असंच शिकवलं, मी हिला शिकवलं."

रुद्राणीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. तीस फेरे. दोघींचे मिळून तीस. म्हणजे चाकाचे साठ. ओमेगा दुप्पट, हिसका चौपट. सातच्या आत बसणारी बेरीज पंधराच्या वर गेली होती, आणि या दोघी आठवडाभर, एकही फेरा न चुकवता, अगदी प्रामाणिकपणे पाणी तोडत बसल्या होत्या.

ती हसायला लागली. हसता हसता तिनं छबुबाईच्या गळ्यातच हात टाकले. "आजी, माझं चुकलं. मी फेरा म्हणाले, पण कुणाचा फेरा ते विचारलंच नाही."

बजरंग उतरून केव्हा खाली आला होता कुणास ठाऊक. सगळं ऐकून तो खदखदून हसला. "म्हंजे कोयत्यावानीच की हे! दोन मानसं आन् येक—"

बोलता बोलता तो थांबला. वनमाला त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती. बजरंगनं नजर खाली घातली आणि टोपी काढून उगीच झटकली.

"मग आता काय करायचं?" वनमालानं विचारलं.

"निम्म्यानं. अगदी सावकाश."

"निम्म्यानं फिरवून जादा पानी?"

"निम्म्यानं फिरवून पाणी. आत्ता तर नुसता आवाज आहे."

सांगणं सोपं होतं. पण ते चाक होतं कुट्टीचं. गरगर फिरण्याचीच त्याला सवय, आणि त्या दोघींच्या हातालाही. सावकाश धरलं तरी दहा-बारा फेऱ्यांत ते पुन्हा पळायला लागायचं, आणि आतून ठक्. रुद्राणीनं मोबाइलवर सेकंद मोजून सांगितले, पण तिच्या मोजण्याकडं कान द्यावा तर हात विसरायचे. छबुबाई म्हणाली, "थांबा, ओवीवर धरू," आणि तिनं जात्यावरची चाल लावली. दुसऱ्या ओवीलाच चाक भिरभिरलं.

"ओवीच पळती गं माजी," म्हातारी खट्टू होऊन म्हणाली. "पीठ पाडायची चाल हाय ती."

तेव्हा रुद्राणीला वाटलं की यांना चाकच दिसतंय, आतलं दिसतच नाही. ती मातीत उकिडवी बसली आणि डावी मूठ नळकांडं करून त्यात उजव्या हाताचं बोट घातलं. "बाहेरून चाक गोल फिरतं. पण आत काय होतं बघा. दट्ट्या असा मागं जातो. टोकाला जाताना हळू होतो, क्षणभर थांबतो. मग असा पुढं येतो. पुन्हा हळू होतो, थांबतो. परत मागं. चाकाचा एक फेरा, याचं एक जाणं-येणं."

छबुबाईनं ते बोट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचाही हात हवेत हलला, जणू कुणी न दिसणारी दोरी तिच्या हातात दिली होती.

"हा तर झोका हाय," ती म्हणाली.

"काय?"

"झोका गं. पाळन्याचा. टोकाला जातो, थबकतो, माघारी येतो. मग जात्याची चाल कशाला लावायची? हिसका दिला तर लेकरू दचकून उठंल." ती सुनेकडं वळली. "ह्या बजरंग्याला मी उसाच्या फडात वाढवलाय. पाचटाच्या कोपीच्या मेढीला जुन्या लुगड्याच्या धडप्याची झोळी, झोळीला दोरी, दोरी पायाच्या आंगठ्याला. हात भाकरी थापायचे आन् पाय झोका द्यायचा."

"पाय!" वनमाला म्हणाली. "रुद्राणी, आता घावला बग तुजा पाय."

संगमेश्वरसुद्धा हसले. छबुबाईनं मूठ धरली, डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात सुरू केलं. चाल जुनी, शब्द तिथंच सुचलेले.

जो जो रे पाण्या, दमानं तू ये
माझिया रोपाला घोटभर दे

एका ओळीला एक फेरा. रुद्राणी मोबाइलकडं बघत होती. फूल खाली गेलं, वर आलं. दोन सेकंद. पुन्हा दोन. म्हातारीच्या अंगठ्यात इतकी वर्षं दडून राहिलेला तो झोका आणि तिचा ओमेगा एकमेकांना बिलगून चालले होते.

आणि ठक् वाजलं नाही.

"दाजी," रुद्राणी पुटपुटली, मोठ्यानं बोललं तर मोडेल अशा भीतीनं. "वर जा. टाकीपाशी."

बजरंग उतार चढून गेला. वरचा पाइप लांब होता, भरायला वेळ लागणार होता. खाली नुसती चाकाची कुरकुर आणि पाळणा.

जो जो रे पाण्या, तुटू नको वाटं
माळाच्या माथ्याला माहेर भेटं

वनमालाचे डोळे वरच्या वाटेवर होते. हात सासूच्या हातांबरोबर जात होते, येत होते. संगमेश्वरांनी पाइपाला तळवा लावला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरून रुद्राणीला कळलं की आत काहीतरी गार, जड, सलग सरकतंय.

वरून काहीच आवाज येईना. आणखी एक पाळणा झाला. आणखी एक.

मग माळावरून बजरंगची आरोळी आली, इतकी मोठी की लिंबावरचे कावळे उडाले.

"आलं! ए आई, आलं! धार लागलीय! थांबू नका बे!"

"बे कुनाला म्हनतो रं, मुडद्या?" छबुबाई तिथूनच ओरडली. हात मात्र थांबवले नाहीत.

वनमाला हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारभर आळीपाळीनं सगळ्यांनीच चाक धरलं. बजरंगनं धरलं तेव्हा पहिल्यांदा जोर लावला, आतून ठक् वाजलं, आणि चारी बाजूंनी एकदम "दमानं!" असा गलका झाला. मग तोही पाळणा म्हणायला लागला, बेसूर. छबुबाई म्हणाली, तुज्या ह्या आवाजानं झोपल्यालं पानी उठून बसंल. संगमेश्वर जाताना पंपाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रुद्रा, खालच्या पाइपाला नळकांड्याजवळ हवेचा एक डबा बसवू आपण. हिसका तो डबा खाईल. मग चाक जरा जास्त फिरलं तरी चालेल."

"बसवू, अप्पा. पण नंतर. आत्ता हे असंच राहू द्या थोडे दिवस."

दिवस मावळायच्या आत टाकी काठोकाठ भरली. वनमालानं रोपांना पाणी सोडलं. काळ्या पिशव्यांतली माती भिजून तिचा वास माळभर पसरला. मग ती अंगणात आली, दोन गाठोड्यांतलं आपलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन सोडलं. बजरंग कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "माजा डबा मात्र करून दे सकाळी," एवढंच म्हणाला.

"चटणी घालते. जास्तीची."

"आन् सायलीला म्हनावं, रोज फोन करायचा."

"तुमी उचलला तर करंल."

रविवारी सकाळी ट्रक आला. मुकादमाचा माणूस टपावरून खाली वाकून ओरडला, "बजरंग आन् वनमाला, येक कोयता! चला, चला!"

बजरंगनं गाठोडं आत फेकलं, प्रविणला हात देऊन वर घेतलं आणि मग स्वतः चढला. "बजरंग आन् प्रविण," तो म्हणाला. "येक कोयता."

"आन् वनमाला?"

बजरंगनं उताराकडं बघितलं. वनमाला ट्रकापाशी आली होती, त्याचा डबा देऊन ती आता माघारी विहिरीकडं चालली होती, पदर खोचत.

"ती येकटीच येक हाय," तो म्हणाला. "चल, घे गाडी."

ट्रकाची धूळ खाली बसेपर्यंत छबुबाई वाटेकडं बघत उभी राहिली. मग डोळे टिपून विहिरीवर आली. सुनेनं मूठ धरलेलीच होती. आऱ्यावर तिनं नवीन फूल बांधलं होतं, पिवळं धमक. म्हातारीनं समोरून मूठ धरली. फूल खाली गेलं, संथ, आणि वर आलं.

"एक," वनमाला म्हणाली. "हा माजा."

"आन् माजा?"

फूल पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"दोन," वनमाला म्हणाली. "हा तुमचा."